मार खायच्या आधी खिडकी

चिमणीची चाळिशी उलटली, पण उंची शाळकरी पोरीएवढीच राहिली. त्यामुळे नाटकमंडळीत लहान मुलींची सगळी कामं तिच्याच गळ्यात पडायची, आणि चिमणी हे नावही त्यावरूनच पडलं होतं. या खेपेच्या नाटकात बाप आठ वर्षांच्या मुलीला बडवून काढतो, आणि घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं. चिमणी किंचाळायची, लोळायची, गयावया करायची. शेवटी दिग्दर्शकानं खुर्ची लाथाडली.

"तू मोठ्या बाईसारखा मार खातेस," तो म्हणाला. "जरा पोरांकडे बघ जाऊन."

ती शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. पोरं एकमेकांना चावत होती, झिंज्या उपटत होती, पडलेल्याच्या पोटात लाथा घालत होती. बालपण गोड असतं म्हणणाऱ्यांनी एकदा मधल्या सुट्टीत तिथं उभं राहावं. पण बापाच्या हातचा मार कुणी फाटकाशी खात नाही, म्हणून ती ताईकडे गेली. ताईची मुलगी आठ वर्षांचीच होती, अबोल, जाड भिंगांच्या चष्म्याची. तो चष्मा सारखा फुटायचा. कार्टी धडपडी आहे, असं ताई दर वेळी सांगायची आणि चिमणीला ते पटायचं.

ताई स्वयंपाकघरात होती. चिमणीनं भाचीला समोर उभं केलं आणि काही न सांगता, कलेसाठी म्हणे, डोळे वटारून हात उगारला.

पोरगी रडली नाही. आधी जाऊन तिनं खिडकी लावली, कडी घातली. मग चष्मा काढला, काड्या मिटून उशीखाली ठेवला, परत समोर येऊन उभी राहिली आणि गाल वर केला. चिमणीचा हात हवेतच राहिला. बराच वेळ काही झालं नाही, तेव्हा पोरीनं डोळे किलकिले केले.

"मावशी, आता चष्मा घालू?"

घाल की, म्हणून चिमणी हसली. काय उपजत नटी आहे, असं वाटून तिनं भाचीचा पापाही घेतला. धंद्यापायी माणूस इतकं आंधळं होतं.

दुसऱ्या दिवशी रंगीत तालीम होती. चिमणीनं सगळं जसंच्या तसं केलं. दिग्दर्शक खूश झाला. पण बापाचं काम करणारा नट, स्टेजवर सगळ्यांना तुडवणारा आणि घरी झुरळाला घाबरणारा, उगारलेला हात खाली घेऊन मटकन बसला. ती पोर खिडकी का लावते, असं त्यानं विचारलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, असं चिमणी सांगायला लागली आणि अर्ध्यावरच तिची दातखीळ बसली.

मग ती फ्रॉक आणि दोन वेण्यांतच धावत सुटली.

ताईचं घर तळमजल्यावर. एवढ्या उकाड्यात खिडकी बंद होती, आणि काचेमागून पट्ट्याचा दबका आवाज येत होता. चिमणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पायरीवरची कुंडी उचलून तिनं काचेवर घातली आणि चौकटीतून आत चढली.

पोरगी पलीकडच्या भिंतीला चिकटलेली. मधे ताईचा नवरा उभा, हातात पट्टा. आजवर ती त्याला भावजी म्हणत आली होती. त्यानं चिमणीच्या अशी कानशिलात हाणली की ओठ फाटला. तिनं त्याच्या मनगटाचा लचका तोडला, नडगीवर लाथ घातली. त्यानं वेणी धरून तिचं डोकं कपाटावर आपटलं, मग पुन्हा आपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी गळा शाबूत होता, आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा होता.

"पोरीला मारतोय हा," ती ओरडली. "पोरीला मारतोय."

रस्त्यावरची दारं उघडली. माणसं धावत आली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तोंडात पदर कोंबून उभी असलेली ताई एकदाची हलली आणि तिनं दाराची कडी काढली. चौघांनी मिळून त्याला जमिनीवर दाबलं.

या गोंधळात पोरगी भिंतीपासून सुटली. काचा चुकवत खिडकीशी गेली, टाचा उंचावल्या आणि रिकाम्या चौकटीची कडी चाचपू लागली.

"राहू दे गं," चिमणी रक्त थुंकत म्हणाली. "चष्मा घाल."