खडकदऱ्याचा धूर

शांतता विकत घ्यायला पुण्याहून माणसं येतील, असं माझा खडकदऱ्याचा दोस्त अजिनाथ पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं होतं. पण आली. गेल्या पौषात मीच त्यांना माझ्या जीपमधून बीडहून खडकदऱ्याला घेऊन गेलो. पाच जण होते आणि त्यांचे म्होरके प्रविण सर. वाटेभर एकच पालुपद, कपिलधारच्या धबधब्यावर फार गर्दी असते, आम्हाला असं गाव पाहिजे जिथे आवाजच नाही. मी म्हटलं, मग बरोबर ठिकाणी चाललात.

खडकदरा पाटोद्याच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या डोंगरात. गावात दगडी बारव आहे, देवळामागे जुने वीरगळ आहेत आणि पलीकडे सरळ तुटलेला कडा. त्या कड्यावरून माणसं दोरीने उतरवायचं अजिनाथ शिकून आला होता. अंगणात तंबू ठोकले होते, फाट्यावर पाटी लावली होती, 'निवांत खडकदरा'. निवांत का, ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं. दिवाळीच्या सुमाराला गावातली धडधाकट माणसं ऊसतोडीला जातात ती गुढीपाडव्यालाच परततात. मागे उरतात म्हातारी.

नवराबायकोच्या जोडीला तिकडे कोयता म्हणतात. त्या वर्षी अजिनाथ आणि मंजुषा या कोयत्याने मुकादमाला पहिल्यांदाच नाही म्हणून सांगितलं होतं. पाहुणे खूश झाले तर प्रविण सर हिवाळाभर लोक पाठवणार होते. नाही झाले तर पुढच्या सालाला पुन्हा ट्रकमध्ये चढायचं. डोक्यावरून मोळ्या वाहून वाहून मंजुषाची पाठ कामातून गेली होती. सकाळी अंगण झाडताना ती त्या तंबूंना हात लावून नमस्कार करायची. हसू नका, मी बघितलंय.

पाहुण्यांना सगळ्यात जास्त आवडली ती अजिनाथची आई, भिवराबाई. तिने त्यांना जात्यावर बसवलं, ओव्या म्हटल्या, आणि एका बाईच्या तळहाताला फोड आला तेव्हा, पीठ पडलं का नुसता फोडच आला, असं विचारून सगळ्यांना हसवलं. गावची रीतही तिनेच सांगितली. या दिवसांत सकाळी म्हातारी माणसं दारात येऊन एकमेकांच्या घरावरचा धूर बघतात. धूर दिसला की समजायचं, माणूस आहे. नाही दिसला तर काठी टेकत जाऊन बघायचं. पाहुण्यांना ही रीत फार गोड वाटली. मला त्यात काही गोड दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता अजिनाथ पाहुण्यांना घेऊन कड्यावर गेला. मी जीपचं बॉनेट उघडून बसलो होतो. मंजुषा स्टोव्हवरचा चहा घेऊन आतल्या खोलीत गेली आणि भरल्या कपासकट तशीच बाहेर आली.

"अल्ताफभाऊ, आत्या उठंनात."

मी आत जाऊन बघितलं. भिवराबाईचा हात गार पडला होता. झोपेतच गेली होती बिचारी. मंजुषाने रडायला तोंड उघडलं आणि तसाच पदर तोंडात कोंबला. नवऱ्याला विचारल्याशिवाय रडायची सोयसुद्धा नव्हती. मी कड्याकडे पळालो.

अजिनाथ दोरी धरून मागे रेलून उभा होता आणि खाली प्रविण सर लोंबकळत होते. मी त्याच्या कानाशी लागून सांगितलं. त्याची मूठ तेवढी घट्ट झाली. प्रविण सरांचे पाय जमिनीला लागेपर्यंत तो दोरी सोडत राहिला.

मग मला बाजूला घेऊन त्याने तिथूनच भावांना फोन लावला, कारण गावात रेंज नाही. दोघे भाऊ कर्नाटकाच्या हद्दीवर उसात होते, त्यांना यायला संध्याकाळ होणार होती. तोवर माती देता येणार नव्हतीच. पाहुणे तर जेवून दुपारीच निघणार. तेवढा वेळ गप्प बसलो तर मायचं काय बिघडतंय, असं त्याचं म्हणणं.

"मंजीला म्हणावं चूल पेटव. चुलीवरच्या भाकरी कबूल केल्यात त्येंला."

"मयत घरात हाय बे," मी म्हणालो. "आमच्यात बी पेटवत न्हाईत."

"मला काय म्हाईत न्हाई का? पण ह्ये लोक आज उपाशी गेले तर परत कोण येतंय? मंजीची पाठ बघितलीस ना तू?"

माझ्या डोक्यात राग गेला. कुणावर काढायचा तेवढं कळेना.

निरोप ऐकून मंजुषा आत गेली. सासूच्या उशाशी दिवा लावला, खोलीचं दार ओढून घेतलं आणि पडवीत येऊन चूल पेटवली. धूर पत्र्यावरून वर चढला. समोरच्या घराच्या दारात वत्सलाबाई येऊन उभी राहिली. ती आणि भिवराबाई एकाच साली लग्न होऊन या गावात आलेल्या, जन्माच्या मैत्रिणी. वत्सलाबाईने धूर बघितला, हात हलवला आणि निवांत आत गेली. मंजुषाने तोंड फिरवलं.

पाहुणे कड्यावरून भुकेजून आले. पिठलं, ठेचा, गरम भाकरी. बोटं चाटत जेवले. आजी कुठे आहेत, असं त्या फोडवाल्या बाईंनी विचारलं. अंग दुखतंय म्हणून झोपल्यात, असं अजिनाथने सांगितलं आणि त्यांना आणखी पिठलं वाढलं. मी आपला घड्याळाकडे बघत होतो.

जेवता जेवता प्रविण सर म्हणाले की आमचं सगळ्यांचं ठरलंय, आजची रात्रही इथेच काढू. अशी शांतता कुठे मिळायची नाही, आणि संध्याकाळी आजींच्या ओव्या फोनमध्ये भरून घेऊ.

"राहा की सर," अजिनाथच्या तोंडून गेलं. त्याचं त्यालाच ते खरं वाटलं नसावं, कारण हातातलं भांडं घेऊन तो तसाच उभा राहिला.

चुलीपुढे बसलेल्या मंजुषाने भाकरीसकट तवा खाली उतरवला. पीठ मळायच्या पाण्याचा तांब्या उचलला आणि चुलीत ओतला. पडवीभर राख उडाली.

"आमची आत्या मेलीय," ती म्हणाली. "सकाळीच. आतमधी हाय."

आणि मग सकाळपासून दाबून धरलेला हंबरडा तिने फोडला.

पाहुणे उठून उभे राहिले. हातातल्या घासाचं काय करावं ते त्या बाईंना सुचेना. माणसं वाईट नव्हती. प्रविण सरांचे डोळे भरले, सकाळीच सांगायचं होतं, आम्ही समजून घेतलं असतं, असं ते अजिनाथला म्हणाले. घेतलंही असतं. पण सकाळी ते कुणाला ठाऊक होतं?

रडणं ऐकून वत्सलाबाई काठी टेकत आली. आत जाऊन भिवराबाईच्या उशाशी बसली, तिचा हात हातात घ्यायला गेली तर तो वळेना. किती वेळ झाला असेल ते तिला समजलं.

"धूर बघून मी निवांत बसले गं," ती मंजुषाला म्हणाली. "दाणे निवडत बसले. आन् ही हितं एकटीच."

ती शिव्या देती तर बरं झालं असतं. मंजुषा भिंतीशी उभी होती ती तिथेच खाली बसली.

पाहुण्यांना मी पाटोद्याला एसटीत बसवून परत आलो. दिवस मावळता भाऊ पोहोचले. तीन भाऊ होते आणि चौथा खांदा द्यायला गावात धड माणूस नव्हता, तो मी दिला. मयताच्या घरी शेजाऱ्यांनी भाकरी आणायची असते. इथे शेजारी आणणार कुठून? माझ्या बायकोने, खुशनुमाने बीडहून करून दिल्या, त्या मी दुसऱ्या दिवशी नेल्या.

प्रविण सरांनी ठरलेले सगळे पैसे पाठवले, फोनही केला. लोक मात्र पाठवले नाहीत. प्रेत झाकून जेवायला वाढतात त्या घरी मौजमजेला कोण जाईल? मी तरी गेलो असतो का, सांगता येत नाही.

यंदा दिवाळी सरली आणि फाट्यावर मुकादमाचा ट्रक लागला. अजिनाथने पाटी उपटून घराच्या दाराला बाहेरून आडवी लावली. माझ्याकडे न बघताच तो ट्रकमध्ये चढला. मंजुषाने भांडी, गोधड्या, कोयते वर दिले आणि मग कमरेला हात लावून ती माझ्याकडे आली. बाजारच्या दिवशी म्हाताऱ्यांचं मीठ, गोळ्या पोचवायला मी अजून वर जातो, हे तिला माहीत होतं.

"वत्सलामावशीकडं जात जा, भाऊ," ती म्हणाली. "धूर बघून माघारी फिरू नका. आत जाऊन बघा."

मी जातो. चुलीवरून धूर निघत असला तरी दार वाजवतो. वत्सलाबाई आतून म्हणते, "हाय बाबा अजून," आणि मग मी जीपकडे वळतो.