लटारू शिपायाची पहिली ड्यूटी

आरमोरीकडच्या धानाच्या मुलखातल्या त्या लहानशा गावातून पोलिसात गेलेला लटारू हा पहिलाच. नागपूरला नऊ महिने कवायत करून पोरगा शिपाई होणार म्हणताच त्याची माय शकुबाई दिराला सोबत घेऊन निघाली. नागभीडला छोट्या रुळांच्या आगगाडीत बसली आणि पदरात तिळाचे लाडू बांधून निरोपाच्या परेडला हजर झाली. सत्तावन्न साल नुकतंच लागलं होतं.

मैदानात दीडशे पोरं. सगळ्यांची खाकी चड्डी, सगळ्यांच्या डोक्यावर साफा, सगळ्यांचे पाय एका ठेक्यात. शकुबाईनं डोळे फाडफाडून पाहिलं, पण आपलं पोर कोणतं ते काही उमगेना. शेवटी ती उभीच राहिली आणि धानातून रानडुकरं हाकलताना द्यावी तशी आरोळी दिली, "लटारूऽऽ! कुठी हायेस रे बापा?"

तिसऱ्या रांगेत लटारूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हुकूम होता 'दाहिने देख', आणि माय होती डावीकडं. त्यानं मान वळवली नाही. हसू दाबता दाबता डोळ्यांतून पाणी मात्र आलं.

शपथ झाली, रांगा मोडल्या, तो धावत गेला तर माय फुगून बसलेली.

"मायची हाक आयकू येत नाई तुले, तं लोकायची काय आयकशील?"

"अवो माय, हुकूम होता उस्तादाचा!"

"कोन व्हय तो उस्ताद?"

लटारूनं भीत भीत बोट दाखवलं. कवायत शिकवताना नऊ महिन्यांत ज्याच्या मिशीखाली कुणी हसू पाहिलं नव्हतं, त्या माणसासमोर शकुबाई सरळ जाऊन उभी राहिली. हातावर दोन लाडू ठेवले. "भाऊ, पोट्ट्याले चांगलं वळन लावलं तुमी. खा, माह्या हातचे हायेत." उस्ताद गडबडला. मग तिथंच, भर मैदानात, दोन्ही लाडू खाऊन मोकळा झाला.

पंधरा दिवसांनी लटारू चांदा जिल्ह्याच्या पार दक्षिणेला, जंगलातल्या एका ठाण्यात रुजू झाला. जमादार गुणवंतराव पिकल्या मिशांचे, पायांनी थकलेले. त्यांनी नव्या शिपायाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कवायत लय झाली. आता चालाची ड्यूटी. इलेक्शन हाये. मतदान घेनाऱ्या मास्तराले अन् मताच्या पेट्यायले कोसमटोल्याले पोचवाचं हाये."

दोन दिवस बैलगाडीच्या मागं चालत जमादार, मास्तर आणि लटारू पोचले, तर गाव रिकामं. चुली गरम, कोंबड्या अंगणात, माणूस एक नाही. मतदान दुसऱ्या दिवशी. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

एका छपरीत तेवढी एक म्हातारी होती. बुधरी तिचं नाव. पायाला काटा रुतून तळवा सुजला होता, म्हणून तिला पळता आलं नव्हतं. बाजाराला जाऊन जाऊन थोडी मराठी तिला येत होती.

लटारू दूरच उकिडवा बसला. "आजी, लोकं काऊन पळाले वो?"

"खाकी दिसली," ती म्हणाली. "मागं एक खाकीवाला आलता. कोंबड्या नेल्या, गड्यायले फुकट राबवलं. तुले किती कोंबड्या पाहिजे?"

शपथ घेताना लटारूची छाती फुगली होती, ती आता आत गेल्यासारखी झाली. त्यानं चुलीवर पाणी ऊन केलं, म्हातारीचा पाय मांडीवर घेतला आणि शेकून शेकून सुईनं काटा काढला. बोटभर बाभळीचा काटा होता.

"अरे, शिपाई हायेस का न्हावी?" गुणवंतराव ओरडले.

"जमादारसायेब, काटा मोठा हाये. तुमी दिवा जरा इकडं धरा ना."

पुटपुटत का होईना, जमादारांनी दिवा धरला. रात्री तिघांनी आपापल्या भाकरी खाल्ल्या आणि म्हातारीलाही दिली. कोंबड्या आपल्या खुराड्यात सुखानं झोपल्या.

सकाळी बुधरी काठी टेकत गावाच्या टोकाला गेली आणि जंगलाकडं तोंड करून गोंडीत हाका मारू लागली. बराच वेळ काही हललं नाही. मग झाडांआडून एक पागोटं दिसलं. तो तिचा मुलगा कोलू. त्यानं आधी कोंबड्या मोजल्या, मग मायचा पाय पाहिला, मग लटारूकडं पाहिलं आणि मागं वळून शीळ घातली. दुपारपर्यंत सगळं गाव मास्तरांसमोर रांगेत होतं.

पहिला मान बुधरीचा. प्रत्येक उमेदवाराच्या निशाणीचं चित्र चिकटवलेल्या वेगवेगळ्या पेट्या तिनं एकेक निरखल्या आणि पडद्याबाहेर डोकं काढून विचारलं, "ह्या शिपायाची पेटी कोनती?"

"आजी, तो उभा नाई राह्यला!" मास्तर म्हणाले.

"खोटं काऊन बोलतोस? सकाळपासून उभाच तं हाये!"

रांग हसली, मास्तर हसले, गुणवंतराव तर खोकला लागेपर्यंत हसले. बुधरीनं कुरकुरत कोणत्या तरी पेटीत चिठ्ठी टाकली.

परतताना कोलूनं लटारूला मोहाच्या झाडाखाली थांबवलं. जमिनीच्या भांडणाची एक तक्रार त्याच्या मनात वर्षभर होती, ठाण्यात जायचं धाडस नव्हतं. "तू असशील तं येतो," तो म्हणाला.

"ये. मी नसलो तं जमादारसायेब हायेत."

गुणवंतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "ये बाबा," ते म्हणाले, "पन कोंबडी आनू नको."

आठ दिवसांनी कोलू रिकाम्या हातानं ठाण्याची पायरी चढला, आणि लटारूनं त्याला बसायला आपलं स्टूल दिलं.