कसनुसं होतंय

मित्रांनो, देगलूरच्या एका घरात खिडकीजवळच्या फळीवर पाठ दोऱ्यानं शिवलेला जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश दिसेल. तो मी. नांदेडच्या दुकानातून सरजाबाईंनी मला लेकीसाठी, रूपालीसाठी आणलं. दहावी-बारावीत तिनं मला उशाशी घेऊन झोपावं, इतका माझा मान होता. पुढं मोबाइल आला आणि माझ्यावर धूळ बसली.

रूपाली लातूरला नर्सिंग शिकू लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी आली होती. त्या दुपारी लाइट गेली होती, मोबाइल बंद पडला होता. पुस्तकात एक शब्द अडला, म्हणून तिनं मला झटकून उघडलं. ‘अनईझीनेस’. मी सांगितलं: अस्वस्थता, बेचैनी, चुळबूळ, मनाची किंवा शरीराची.

तेवढ्यात सरजाबाई आत आल्या. बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या.

“रूपा, कसनुसं होऊन राहिलं बघ. बसवंना, उभं राहवंना.”

“दुखतंय का कुठं?”

“दुखत न्हाई गं. उन्हानं असंल. जरा पडते.”

रूपालीचं बोट माझ्या पानावरच थांबलं.

“आई, कधीपासून?”

“सकाळपासनं.”

तिनं आईचा हात धरला. कपाळावर घाम आणि हात मात्र गार. ती धावत शेजारच्या वीरण्णाकाकांकडं गेली. त्यांची रिक्षा होती.

“पित्त झालं असंल, सोडा पाज,” काका म्हणाले.

“काका, पित्त असलं तर परत येऊ. रिक्षा काढा!”

घर रिकामं झालं. मी उघडाच पडलो होतो. वाऱ्यानं पानं उलटत होती, मिटत होती. बेचैनीला माझ्याकडं कितीतरी शब्द होते. त्यातला एकही मला धीर देईना.

दुसऱ्या दिवशी वीरण्णाकाका दवाखान्यात सरजाबाईंचे कपडे न्यायला आले. सोबत आलेल्या बायकोला दारातूनच सांगत होते, “हार्ट अटॅक होता. डॉक्टर म्हणले, वेळेवर आणलं. मी पित्त म्हणून बसलो होतो गं. पोरीनं ऐकलं न्हाई, म्हणून सरजाबाई वाचल्या.”

आता त्या घरी आल्यात, सावकाश चालतात. रूपालीनं माझी उसवलेली पाठ जाड दोऱ्यानं शिवली.

मित्रांनो, पुस्तकं जपा, हे तर मी सांगणारच. पण घरातलं कुणी ‘कसनुसं होतंय’ म्हणालं, तर ‘पडा जरा’ म्हणून आपल्या कामाला लागू नका. जवळ बसा, हात हातात घ्या आणि विचारा, “कधीपासून?”