कपाळावरचा तक्ता

मी कपाट बोलतोय. पाळणाघरातलं लोखंडी कपाट. आता मागच्या अंगणात आडवा पडलोय. एक दार बिजागरीला लोंबतंय, दुसरं मुळी मिटतच नाही. सकाळी भंगारवाला यायचाय. तो येण्याआधी सांगायचं ते सांगून टाकतो, कारण त्याने एकदा हातोडा उचलला की आमच्या बोलण्याचा नुसता खणखणाट होतो.

माझी कीव करू नका. मार मला नवा नाही, माझा जन्मच मारातला. कारखान्यात मला कापलं, दाबलं, वाकवलं, ठिणग्या उडवत कोपरे जोडले. शेवटी एका कारागिराने दार नीट लागतंय का बघायला सणसणीत लाथ घातली आणि "दणकट आहे" म्हणाला. आमच्यात शाबासकी अशीच मिळते.

पहिली बारा वर्षं एका डॉक्टरांकडे काढली. पेशंटचे कागद माझ्या लॉकरमध्ये असत. एकदा एका पेशंटचा भाऊ आला. "त्याला नेमकं काय झालंय ते सांगा," म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "त्यालाच विचारा." भावाने टेबल उलथं केलं, डॉक्टरांचा चष्मा फोडला, कॉलर धरून त्यांना माझ्यावर आपटलं. डॉक्टरांनी किल्ली दिली नाही. तो गेल्यावर त्यांनी एका काचेच्या चष्म्याने पुढचा पेशंट तपासला. कपाटाचं काम काय असतं ते मी त्या दिवशी शिकलो.

डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि मी या पाळणाघरात आलो. पंचवीस मुलं! लेकरं निरागस असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा दुपारी चार वाजता इथे उभं राहावं. चावणं, ओरबाडणं, केस उपटणं, आणि राहिलेला सगळा राग माझ्यावर लाथा मारून काढणं. गुडघ्याच्या उंचीपर्यंत माझ्यावर एक जागा सपाट राहिली नाही. तरी खरं सांगतो, ते दिवस मला आवडायचे.

माझ्या खालच्या कप्प्यांत दुपटी आणि चादरी, मधल्या कप्प्यात औषधं. वरच्या लॉकरमध्ये मुलांचे फॉर्म. त्या फॉर्मवर काय काय असे! एकाला झोपेत झटके यायचे. एकीला दत्तक घेतलेलं होतं आणि तिला ते अजून सांगितलेलं नव्हतं. एकाचे वडील तुरुंगात होते, मुलाला ते परदेशात आहेत असं माहीत होतं. लॉकरची किल्ली मोठ्या बाईंच्या कमरेला. पाळणाघर त्यांचंच. त्यांच्या हाताखाली एक ताई होती, तिला त्या घाईताई म्हणत. मनाने लाखात एक, पण पाय जमिनीवर ठरायचा नाही. एका हाताने नाक पुसणार, दुसऱ्याने भात भरवणार, आणि तोंडाने तिसऱ्याच पोराला ओरडणार.

एके दिवशी एक बाई तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. बाईच्या डाव्या हाताची दोन बोटं एकत्र बांधलेली होती, ओठाला टाके होते. तिने फॉर्म बराच वेळ नुसताच धरून ठेवला.

"पत्ता लिहायलाच हवा का?"

"लिहायलाच हवा," मोठ्या बाई म्हणाल्या. "पोरीला ताप भरला तर मी कुठे पळू?"

"पण हा कागद बघतं कोण?"

"मी आणि हे कपाट."

"कपाट बोलत नाही ना?"

"आजवर तरी नाही बोललं, बाई."

ती हसायला गेली, टाके ताणले गेले आणि तिथेच थांबली. मग तिने लिहिलं. मुलीला ती स्वतः नेईल. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला कामावर उशीर होतो, तेव्हा तिच्या वरच्या मजल्यावर राहणारी काकू नेईल. दुसऱ्या कुणालाही द्यायची नाही.

"वडिलांना तर नाहीच," ती म्हणाली. "रडले तरी नाही. ते फार छान रडतात."

त्या मुलीला आम्ही सगळे बटण म्हणायचो. कडेवर घेणाऱ्याच्या कपड्याचं बटण ती मुठीत घट्ट धरायची आणि झोप लागली तरी सोडायची नाही. बाकीची पोरं घाबरली की भोकाड पसरत. ही घाबरली की मुकी व्हायची. पहिले पंधरा दिवस ती मुकीच होती. मग एक दिवस तिने मला लाथ मारली आणि खदखदून हसली. माझ्या अंगावरच्या सगळ्या पोच्यांत तिने पाडलेला पोचा सगळ्यात लहान आहे.

आता चूक सांगतो. संध्याकाळी कुणाला कोण न्यायला येणार हे बघायला घाईताईला रोज किल्ली मागावी लागायची. एकदा ती वैतागली. "मोठ्या बाई, माझा अर्धा जन्म या कुलपात चाललाय. मी एक तक्ताच करते ना." आणि केला. लॉकरमधले सगळे फॉर्म काढून एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात उतरवले. अगदी वर पाळणाघराचं नाव, मग मुलाचं पूर्ण नाव, कोण नेणार, कोणत्या दिवशी, किती वाजता. खाली लाल शाईने ज्याची त्याची खास सूचना. पत्ते तेवढे लिहिले नाहीत, कारण पुठ्ठ्यावर जागा उरली नव्हती. मग चार लोहचुंबकं लावून तो तक्ता तिने माझ्या दारावर चिकटवला.

मी पोटात जपलेलं सगळं तिने माझ्या कपाळावर मांडलं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मोठ्या बाई चार दिवस कुरकुरल्या. पाचव्या दिवशी फोन कानाला लावून त्याच तक्त्यात बघू लागल्या. सोय फार लवकर अंगवळणी पडते.

न्यायला येणारे आईबाप चपला घालता घालता तक्ता वाचत. आधी आपल्या मुलाची ओळ, मग शेजारची. एका मुलापुढे लाल शाईत होतं, 'चादर ओली करतो, खाली रबरी कापड घालणे'. ते कुणाच्या तरी बापाने वाचलं आणि घरी जेवताना हसत हसत सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाच जणांनी त्या पोराला माझ्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत कोंडलं आणि ओला, ओला म्हणत बडवलं. त्याचा पुढचा दात माझ्या पायाशी सापडला. मोठ्या बाईंनी त्या पाच जणांना कोपऱ्यात उभं केलं, ओल्याच्या आईची माफी मागितली, आणि तक्त्यावरची ती एक ओळ खोडली. तक्ता तसाच राहिला.

मग एका मुलाचा वाढदिवस आला. माझ्या दारावर उजेड चांगला पडतो, म्हणून घाईताईने सगळ्या पोरांना कागदी टोप्या घालून माझ्यासमोर उभं केलं आणि फोटो काढला. पालकांच्या ग्रुपवर टाकला. वाढदिवसवाल्याच्या बापाने तो कौतुकाने आपल्या स्टेटसला ठेवला. तो कुणीतरी पाहिला, त्याने दुसऱ्याला दाखवला. फोटोत दुसऱ्या रांगेत बटण होती. तिच्या डोक्यामागे वर तक्ता होता, आणि बोटांनी फोटो मोठा केला की अक्षर न अक्षर वाचता येत होतं.

दहा दिवसांनी, मंगळवारी सव्वाचारला, एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात रंगीत खडूंची पेटी.

"वरच्या काकू जिन्यात घसरल्या हो," तो म्हणाला. "साडेचारला त्याच येतात ना? मला पाठवलंय त्यांनी. मी मामा."

घाईताईने काय करावं? तिने वळून तक्त्यात पाहिलं. मंगळवार, साडेचार, वरची काकू. सगळं जुळत होतं. खालची 'दुसऱ्या कुणालाही नाही' ही लाल ओळ घाईत तिने वाचलीच नाही. ज्या तक्त्यातून त्याने ते उचललं होतं, त्याच तक्त्याशी ती ते ताडून बघत होती! मला घसा असता तर मी ओरडलो असतो. ती आत गेली आणि बटणला कडेवर घेऊन आली.

बटणने त्याला पाहिलं आणि ती मुकी झाली. दोन्ही मुठींनी तिने ताईच्या ड्रेसचं बटण असं आवळलं की ते तुटून तिच्या हातात आलं.

"अगं थांब," मोठ्या बाई मागून आल्या. "मामा का? बसा. फॉर्म बघितल्याशिवाय नाही देत आम्ही." त्यांनी लॉकर उघडला, फॉर्म पाहिला, परत ठेवला, कुलूप लावलं. "मामाचं नाव नाही यात."

तेव्हा तो रडला. "बाई, माझीच लेक आहे हो ती. सहा महिने झाले, डोळ्यांनी दिसली नाही." खरंच छान रडत होता. मोठ्या बाईंच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण त्या एकदम पांढऱ्या पडल्या. त्यांनी बटणला ताईच्या कडेवरून ओढून घेतलं आणि पोरांवर ओरडल्या, "सगळे आत! पळा!"

आतल्या खोलीचं दार मजबूत आहे. ताईही आत शिरणार तेवढ्यात त्याने तिची वेणी धरून मागे ओढलं. दाराआड पंचवीस मुलं, दाराबाहेर एक ताई. मोठ्या बाईंनी आतून कडी लावली. मी त्यांना बोल लावत नाही.

रडणं एका क्षणात संपलं. त्याने दारावर खांदा आपटला, लाथा घातल्या. दार हललं नाही. आतून मोठ्या बाईंचा आवाज येत होता, त्या फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होत्या. त्याने ते ऐकलं आणि तो माझ्याकडे वळला.

"मुलगी नको देऊस," तो दाराकडे बघून म्हणाला. "राहतात कुठे, ते तर मिळेल मला."

भिंतीवर आग विझवायचा लाल सिलिंडर होता. तो त्याने उचलला आणि पहिला घाव माझ्या लॉकरवर घातला. मी अख्खा भिंतीवर आदळलो. खालची दुपटी बाहेर पडली, औषधांच्या बाटल्या फुटल्या. दुसरा घाव. ताई त्याच्या दंडाला लोंबकळली, त्याने कोपराने तिचं नाक फोडलं. तिसऱ्याला कडी वाकली. कारागिराची शाबासकी, डॉक्टरांचा चष्मा, सगळं आठवून मी धरून ठेवत होतो. चौथ्या घावाला माझं कुलूप तुटलं. मी हरलो. हे मी लपवणार नाही.

त्याने फॉर्मचा गठ्ठा बाहेर ओढला आणि वरून एकेक चाळायला लागला. फॉर्म नावाने लावलेले नव्हते, मूल ज्या क्रमाने आलं त्या क्रमाने होते. त्याला ते माहीत नव्हतं. ताईला माहीत होतं. सगळे फॉर्म तिनेच तर उतरवले होते. तिने खालून हात घातला, शेवटून चौथा कागद उपसला, खालचा पत्त्याचा भाग फाडला आणि तोंडात कोंबला.

"थुंक!" तो ओरडला.

ती चावत राहिली. त्याने तिच्या कानशिलात मारली. ती चावत होती. त्याने तिचे केस धरून तिचं डोकं माझ्या उघड्या दारावर आपटलं. तो आवाज कारखान्यातल्या कुठल्याच आवाजासारखा नव्हता. त्याने तिच्या जबड्यात बोटं घातली, ती कडकडून चावली, तो किंचाळला. मग त्याने सिलिंडर तिच्या जबड्यावर मारला. हाड मोडलं, ते मी ऐकलं. ती खाली बसली. तोंडातून रक्त वाहत होतं. दोन्ही हात तोंडावर दाबून तिने गिळलं.

शेजारचा शिंपी आणि त्याचे दोन कारागीर तेव्हा धावत आले. कापड मोजायच्या लाकडी गजाने त्यांनी त्याला असा झोडपला की पोलीस येईपर्यंत तो जमिनीवरून उठला नाही. मला फार बरं वाटलं. मी काही साधूसंत नाही.

तक्ता माझ्या लोंबत्या दारावर तसाच होता. मोठ्या बाईंनी बाहेर आल्या आल्या तो ओढून काढला. पुठ्ठा जाड, हातांनी फाटेना. मग त्यांनी दातांनी फाडला.

तीन आठवड्यांनी ताई आली. जबडा तारांनी बांधलेला, बोलता येत नव्हतं, खिशात छोटी वही. त्याच दिवशी बटणची आई मुलीच्या चादरी न्यायला आली होती. तो आज ना उद्या जामिनावर सुटणार होता. घर त्याला सापडलं नव्हतं, पण पाळणाघर सापडलं होतं. आईने नोकरी सोडली होती, खोली सोडली होती. ताईने जो पत्ता गिळला, तिथे आता कुणीच राहत नव्हतं.

ताईने हात जोडले.

"तुझ्यामुळे तो आला," आई म्हणाली. "आणि तुझ्यामुळेच घरी पोचला नाही. मी तुला काय म्हणू, मला कळत नाही गं."

बटण आईच्या कडेवर होती, मुकी. ताईने तिच्या गालाला हात लावला, ती मागे सरकली. ताईने वही काढली आणि घाईघाईने लिहिलं, 'कुठे जाणा'. तिथेच थांबली. मग पेन्सिलीने ती चार अक्षरं खोडत राहिली, कागद फाटेपर्यंत खोडत राहिली. आईने ते पाहिलं. पहिल्यांदा तिने ताईच्या खांद्यावर हात ठेवला. मग मुलीला घेऊन निघून गेली. कुठे, ते मला माहीत नाही.

माझ्या जागी नवं कपाट आलंय. त्याला एवढंच सांगायचंय की कुलूप घट्ट धर. आणि तुम्हाला, चपला घालता घालता भिंतीवरचं वाचणाऱ्यांना, पोरांचे फोटो काढणाऱ्यांना हात जोडून सांगतो, मला हात नाहीत तरी सांगतो. दुसऱ्याच्या लेकराचं तुम्हाला काही कळलं, तर ते तिथेच विसरा. फोटो काढायच्या आधी मुलांच्या मागे काय आहे ते बघा. ती बाई आपल्या मुलीला घेऊन आज कुठल्यातरी नव्या पाळणाघराच्या दारात उभी असेल, फॉर्म हातात धरून, आणि विचारत असेल की हा कागद बघतं कोण.