पंत होणं

नीरजानं मोबाइल ओट्यावर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि शुभांगीला म्हणाली, "मैत्रिणी मैत्रिणी आपसात बोलता ना, तसंच बोल. पुस्तकातलं नको."

बोलीतल्या नव्या शब्दांचा कोश करायचा, हे तिचं काम. नियम साधा होता. शब्द तीन गावांत, न विचारता कानावर यायला हवा, आणि तो कुणावरून पडला हे बोलणाऱ्याला ठाऊक नसावं. मगच तो कोशात. सोबत तिचे वडील विष्णुपंत, म्हणजे तिचे नाना, निवृत्त शिक्षक. अणदुरात आज त्यांच्याच ओळखीनं हा ओटा मिळाला होता.

शुभांगी कॉलेजातलं सांगत सुटली. "परवा गॅदरिंगला माईक हातात आला अन् माझा पार पंत झाला! तोंड उघडं, आवाज न्हाय. सगळे लई हसायले."

नीरजानं झटकन रेकॉर्डिंग बंद केलं. "बरं, दुसरा एखादा सांग."

तिला मान वर करवेना. जन्मभर पोरांना वक्तृत्वासाठी तयार करणारे नाना स्वतःच्या निरोप समारंभात मात्र माईकपुढं नुसतेच उभे राहिले होते. तुळजापूरच्या शाळेतली पोरं हसली, आणि मागं बसलेली नीरजा उठून बाहेर गेली. पोरांनी त्यांच्या नावावरून शब्द पाडला. तो गावोगाव फिरला. कोशासाठी फिरताना याआधीही दोनदा तो भेटला होता आणि दोन्ही वेळा तिनं तो पुसून टाकला होता. नानांना वाईट वाटेल, असं ती स्वतःला बजावायची. खरं तर कोशाच्या पहिल्या पानावर तिच्या नावापुढं त्यांचं नाव येणार होतं, आणि तिला त्याचीच लाज वाटत होती.

"कुणावरून पडला गं हा शब्द?" नानांनी शुभांगीला विचारलं.

"काय ठाव, आजोबा. सगळेच म्हणतेत."

नाना लेकीकडं वळले. "येडशी, नळदुर्ग, आता अणदूर. नियम तुझाच आहे, नीरजा."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं, तिचं पुसणंसुद्धा. नीरजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लाव परत. अर्थ मी सांगतो."

तिनं रेकॉर्डिंग लावलं. नाना सावरून बसले, खाकरले, मोबाइलकडं वाकले. ओठ हलले. आवाज काही आला नाही.

शुभांगी खुदकन हसली. "आजोबा, तुमचा बी पंत झाला का?"

नानांनी मान डोलावली. "झाला, बाळ."

नीरजाचा हात मोबाइल बंद करायला पुढं गेला आणि नानांच्या गुडघ्यावर थांबला. या वेळी ती उठून गेली नाही. रेकॉर्डिंग चालूच होतं.