पांढराच राहिलेला बिल्ला

मित्रांनो, मी शर्टाला टाचायचा, रुपयाएवढा एक जुना बिल्ला आहे. माझ्या पोटात औषध लावलेला पांढरा कागद आहे. हवेत तेजाबाची, म्हणजे ॲसिडची, वाफ असली की तो पिवळा पडतो, वाफ जास्त असली तर तपकिरी. माणसाचं शरीर बिघडण्याआधी मला कळावं, एवढ्यासाठीच मला घडवलं होतं.

१९९८ साली डॉक्टर धम्मपाल मला हुपरीला घेऊन आले. त्यांनी मला मौलाभाईंच्या खिशावर लावलं. मौलाभाई हंबीररावांच्या आटणीत तेजाब ओतून चांदी शुद्ध करायचे.

"आठ दिवस कामावर असताना हा काढायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "रंग बदलला तर लगेच छाती तपासू. आत्ता कळलं तर इलाज आहे."

"व्हय, डॉक्टर."

डॉक्टर गेले आणि तेजाबाची बरणी उघडण्याआधीच हंबीरराव आले. "मौला, ह्यो पिवळा पडला तर आटणीला कुलूप लागंल. मग पोरीचं लगीन कशावर करणार हाईस?"

मौलाभाईंनी मला काढलं आणि दारापासून लांब, लिंबाच्या झाडाला अडकवलं. आठ दिवस मी तिथं वाऱ्यावर डुलत होतो. आतून खोकल्याची उबळ ऐकू यायची. माझं काम आत होतं आणि मी बाहेर. ओरडायला मला तोंड नव्हतं.

डॉक्टर यायच्या दिवशी मी पुन्हा खिशावर आलो.

"पांढराशुभ्र! हवा चांगली आहे तुमची."

डबा घेऊन आलेली जुलेखा, मौलाभाईंची बायको, पुढं झाली. "मग ह्यास्नी खोकला कशाचा वो? जिना चढला की धाप लागती."

"बिडी ओढता का, मौलाभाई?"

"न्हाय की."

"आणि बिल्ला मधे काढला नव्हता ना?"

हंबीरराव दारातच उभे होते. माझ्याखाली मौलाभाईंचं काळीज धडधडत होतं.

"न्हाय काढला," ते म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. खोकल्याचं औषध लिहून दिलं आणि ते पुढच्या आटणीकडं गेले. माझं काम संपलं होतं. जुलेखानं मला सुईदोऱ्याच्या डब्यात टाकलं.

२००३ साली मौलाभाईंना नळापर्यंतही चालवेना. कोल्हापुरातल्या मोठ्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे फोटो उजेडात धरला. छाती आतून कडक झाली होती. "चार-पाच वर्षं आधी यायला पाहिजे होतं," एवढंच ते म्हणाले.

घरी आल्यावर मौलाभाईंनी जुलेखाला खरं सांगितलं. तिनं डब्यातून मला काढून तळहातावर धरलं. मग म्हणाली, "खोकला झाडाला हुता व्हय वो?"

मौलाभाईंनी भिंतीकडं तोंड वळवलं. पुढच्या रमजानला ते नव्हते.

मित्रांनो, मी खोटं बोललो नाही. झाडाखालची हवा खरंच चांगली होती. पण माझ्यासारखा कुणी तुमच्या माणसाच्या छातीवर लावला, तर त्याला तिथंच राहू द्या. मला रंग बदलता येतो. जागा बदलता येत नाही.