पंपाची नाडी पाहणारी सळई

मी एक जुनी पोलादी सळई आहे. लांबीने हातभर, जाडीने करंगळीएवढी. एक टोक बोथट, दुसऱ्या टोकाला सुपारीएवढी गोटी. जामनेरच्या वाटेवरच्या एका गावाला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात मी राहते. मला पाहून तुम्ही म्हणाल, ही तर दार अडवायची सळई. मित्रांनो, मधली काही वर्षे मी तेच काम केले. माझा जन्म मात्र त्यासाठी झाला नव्हता.

जळगावात असलमभाईंचे लेथचे दुकान आहे. बावीस वर्षांपूर्वी पंपघराचे ऑपरेटर देवचंद नाना एका निकामी शाफ्टचा तुकडा घेऊन त्यांच्याकडे गेले आणि त्यातून त्यांनी मला घडवून घेतले. नानांनी तिथेच माझे बोथट टोक चालत्या लेथला टेकवले, गोटी कानापुढच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. असलमभाई म्हणाले, "नाना, आता डॉक्टरांसारखी फीपण घ्या."

नाना तासातासाला मला पंपाचा फिरता दांडा पेलणाऱ्या बेअरिंगवर टेकवत. लोखंडाच्या आतला आवाज माझ्या अंगातून त्यांच्या कानात जाई. नीट चाललेले बेअरिंग एकसारखे घुमते, शेजारच्या घरात दळण चालू असावे तसे. बिघडू लागले की त्यात खडा सापडल्यासारखी कुरकुर येते. ती मीटरच्या काट्यावर दिसण्याआधी मला कळते. पाहणीला आलेले साहेबही माझे कौतुक करत. पुढे नाना निवृत्त झाले आणि मी दाराखाली गेले.

त्यांच्या जागी प्राची आली. आयटीआय झालेली, हुशार, वेळेची पक्की. पण तिचे मन तिथे रमत नव्हते. दर तासाला काटे पाहायचे आणि नोंदवहीत 'ठीक' लिहायचे. 'आवाज' या रकान्यातही ती बसल्या जागेवरून 'ठीक' लिहून टाकी. तालुक्याच्या कार्यालयात बदली मिळावी म्हणून तिने अर्ज केला होता. तिथे निदान बोलायला माणसे होती.

या मार्च महिन्यात नाना सहज डोकावले. त्यांनी नोंदवही चाळली. पानेच्या पाने 'ठीक'. चष्मा काढून त्यांनी विचारले, "बठ्ठं ठीक शे, मंग तू आठे कसाले बठनी?"

सगळे ठीकच, तर मग तू इथे बसलीस कशाला, हे प्राचीला लागले. नानांच्या काळी इतके मीटर नव्हते, असे तिने जरा फणकाऱ्यानेच सांगितले. नाना रागावले नाहीत. त्यांनी मला दाराखालून काढले, रुमालाने पुसले आणि तिच्या हातात दिले. "मीटर सांगतं ताप किती ते, पोरी. दुखतं कुठं, ते ही सांगते."

ते गेल्यावर, बहुधा रागाच्या भरातच, तिने मला पंपाला लावले. पहिल्या दिवशी तिला नुसता गोंगाट ऐकू आला. आठवड्याने त्यातून पाण्याचा आवाज वेगळा झाला, महिन्याने बेअरिंगचा. मग नोंदवहीत वाक्ये येऊ लागली: 'मोटरकडचे बेअरिंग सकाळी जड, दहानंतर मोकळे.' तिचे तास लवकर सरू लागले. अर्ज मात्र तिने मागे घेतला नव्हता.

मे महिन्यातली गोष्ट. गावाला आठव्या दिवशी पाणी मिळत होते. एक नंबरच्या पंपाची मोटर दुरुस्तीला गेली होती आणि सगळा भार दोन नंबरवर होता. गावची टाकी अर्धी भरली असताना प्राचीने मला टेकवले आणि तिचा हात थबकला. मलाही जाणवले होते. कुर्र. थोडे थांबून पुन्हा कुर्र.

काटे सगळे जागेवर होते. तिने वरच्या साहेबांना फोन केला. मीटर बरोबर असतील तर टाकी भरेपर्यंत पंप बंद करायचा नाही, असे त्यांनी बजावले. माझ्या अंगातून येणारा आवाज फोनवर कोणालाही ऐकवता येणार नव्हता.

मित्रांनो, पंप उगाच थांबवला असता तर तहानलेल्या गावाला जाब तिलाच द्यावा लागला असता; शिवाय बदलीचा कागद याच साहेबांच्या सहीसाठी थांबला होता. न थांबवावा आणि बेअरिंग अडकून शाफ्ट मोडावा, तर गाव पंधरा दिवस कोरडे. कुरकुर दाट होत चालली. प्राचीच्या तळव्याचा घाम माझ्या अंगाला लागत होता. तिने तिसऱ्यांदा ऐकले, मग व्हॉल्व्ह फिरवून बंद केला आणि पंपाचे बटण दाबले.

भर दुपारी पंपघर इतके शांत मी कधी अनुभवले नव्हते.

प्राचीच्या फोनवरून असलमभाई नवे बेअरिंग घेऊन दुचाकीवरून येईपर्यंत दाराशी बायका जमल्या होत्या. त्यांतल्या सुगंधाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "पोरीना हातमा पंप दिधा. आते हंडे वाळत घाला."

प्राची असलमभाईंच्या हातात नट खोलायचे पाने देत राहिली. असलमभाईंनी बेअरिंग उघडले. एका छर्‍याची साल निघाली होती, आतली कडी तडकली होती. ती कडी तळहातावर ठेवून त्यांनी दारात सुगंधाबाईंपुढे नेली. "अजून घंटाभर चालला असता ना अक्का, तर पंप सरळ भंगारात."

पाणी पाच तास उशिरा सुटले, पण सुटले. थोड्या वेळाने, पंप वाचल्याचे कळल्यावर, साहेबांचा फोन आला. बदलीच्या अर्जावर उद्याच सही करतो, असे ते आपणहून म्हणाले. प्राची हाताचे ग्रीस पुसत उभी होती.

"साहेब, अर्ज राहू द्या," ती म्हणाली. "आधी एक नंबरची मोटर पाठवा."

दुसऱ्या दिवशी तिला जांभया आल्या नाहीत असे नाही. उकाडा तोच आहे, खुर्चीही तीच. नको झालेले काम सोडूच नका, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माणसाला तेवढी मोकळीक हवी. पण सोडण्यापूर्वी एकदा त्याच्या अगदी जवळ जा. लांबून सगळीच कामे सारखी ऐकू येतात. आणि तुमच्याकडे एखादे जुने अवजार धूळ खात पडले असेल, तर त्याला तेलाचा हात लावून विचारा की त्याला काय येते.

आता मला थांबले पाहिजे. तास भरला, प्राची येते आहे. मी बोलत राहिले, तर तिला पंप ऐकू यायचा नाही.